परदेशी व्हिसाचे शुल्क आणि आपला रुपया



दरवर्षी बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की आमच्या संस्थेच्या मार्गदर्शन वर्गात परदेशी शिक्षणासंबंधी विचारणा करणारी मुले-मुली येऊ लागतात. प्रवेश कसा मिळवावा, शिष्यवृत्तीचा अर्ज केव्हा करावा, यांविषयी आता बरीच माहिती उपलब्ध आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती यांची नावे घरोघरी पोहोचली आहेत. परंतु प्रवेश आणि विमान यांच्यामध्ये व्हिसा नावाची एक पायरी आहे. त्या पायरीवर भरावे लागणारे शुल्क परदेशी चलनात असते आणि ते आपण भरतो रुपयांत. या अदलाबदलीत आपल्या कुटुंबांचे हजारो रुपये कसे जातात व ते कसे वाचवावेत, याचा अभ्यास प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय आपणास परका नाही. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड अशी होती. पैसा पौंडात ठरलेला, खर्च डॉलरच्या देशात आणि घरचे व्यवहार रुपयांत! पुढे लंडनला त्यांनी रुपयाचाच प्रश्न अभ्यासाला घेतला आणि १९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. विनिमय दर हा केवळ सावकार-व्यापाऱ्यांनी समजून घेण्याचा विषय नव्हे, सामान्य माणसाच्या खिशाशी त्याचा थेट संबंध आहे, एवढा बोध घेऊन आपण पुढे जाऊ.

एक अनुभव

दोन वर्षांपूर्वी एक विद्यार्थी वडिलांसह आमच्याकडे आला. वडील एस.टी.च्या कार्यशाळेत नोकरीस. मुलाला ब्रिटनमधील एका विद्यापीठात एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. व्हिसाचे शुल्क एका एजंटाने ‘माझ्या कार्डाने भरतो’ म्हणून भरले आणि ‘सगळे मिळून’ म्हणून एक ठोक रक्कम रोख घेतली. त्यासाठी वडिलांनी पतपेढीचे कर्ज काढले होते. कोणत्या दराने किती पौंड भरले, याचा कागद त्यांच्याकडे नव्हता.

दुर्दैवाने कागदपत्रांतील एका त्रुटीमुळे व्हिसा नाकारला गेला. ब्रिटनच्या नियमांनुसार अशा वेळी व्हिसाचे शुल्क परत मिळत नाही, पण आरोग्य अधिभार म्हणून भरलेली रक्कम परत मिळते आणि ती ज्या कार्डाने भरली त्याच कार्डावर जमा होते. म्हणजे लाखाच्या वर रक्कम परत आली ती एजंटाच्या खात्यात! ‘अजून आले नाहीत’ हे उत्तर या बापलेकांनी कित्येक महिने ऐकले. शेवटी आमचे दोन सभासद बरोबर गेले, तेव्हा हप्त्याहप्त्याने पैसे मिळाले. तोवर पतपेढीचे व्याज चालूच होते.

त्या दिवसापासून आम्ही ठरविले की हा हिशेब प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः करता आला पाहिजे.

दर म्हणजे नेमका कोणता दर?

वर्तमानपत्रात किंवा मोबाइलवर आपण डॉलरचा जो भाव पाहतो, तो बाजारातील मधला दर असतो. त्या दराने आपणास कोणी डॉलर देत नाही. बँक ज्या दराने आपल्याला परदेशी चलन विकते तो विक्रीचा दर मधल्या दरापेक्षा जास्त असतो, आणि आपल्याकडून परत घेते तो खरेदीचा दर कमी असतो. या दोहोंतील फरक हे बँकेचे उत्पन्न होय.

मधला दर ठरविणे आपल्या हातात नाही. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका दिवसात साडेसात रुपयांचा झाला. जुलै १९९१ मध्ये दोन टप्प्यांत पुन्हा अवमूल्यन झाले. १९९३ पासून दर मुख्यतः बाजारात ठरू लागला आणि डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने ९० रुपयांचा टप्पा ओलांडला. यांतील काहीही विद्यार्थ्याला थांबवता येत नाही. परंतु मधला दर आणि आपला खिसा यांच्यामध्ये जे आकार बसलेले असतात, ते ओळखता येतात आणि पुष्कळसे टाळताही येतात.

नुकसान कोठे होते?

१. कार्डावरील वाढावा : आपल्या रुपयाच्या कार्डाने परदेशी चलनात रक्कम भरली की बँक त्यावर परदेशी व्यवहाराचा आकार लावते. पुष्कळ क्रेडिट कार्डांवर तो साडेतीन टक्के असतो. त्या आकारावर १८ टक्के जी.एस.टी. लागतो. म्हणजे एकूण ४.१३ टक्के. काही कार्डांवर हा आकार दोन टक्के, तर काहींवर शून्यही असतो. बँकेच्या आकारपत्रकात तो छापलेला असतो, फक्त आपण ते पान वाचत नाही.

२. ‘रुपयांत भरा’ हे आमिष : काही ठिकाणी पैसे भरण्याच्या पानावर विचारले जाते, ‘पौंडात भरता की रुपयांत?’ रुपयांत आकडा दिसला की आपल्या माणसाला बरे वाटते. परंतु तेथे रुपयांचा दर समोरची यंत्रणा स्वतः ठरविते आणि तो बहुधा महाग असतो. शिवाय अशा व्यवहारावरही अनेक भारतीय बँका वेगळा आकार लावतात. असा पर्याय पुढे आला तर मूळ चलनच निवडावे.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. अमेरिकेच्या व्हिसा अर्जाचे शुल्क भारतात मुळातच रुपयांत घेतले जाते. तो वरच्यासारखा पर्याय नसून तेथील नियमच आहे.

३. दुहेरी अदलाबदल : डॉलर भरलेल्या प्रवासी कार्डाने पौंडाची रक्कम भरली, तर आधी रुपयाचे डॉलर आणि मग डॉलरचे पौंड असा दोनदा फटका बसतो.

४. दुसऱ्याचे कार्ड : एजंटाने घेतलेली ठोक रक्कम म्हणजे दर, आकार आणि दलाली यांची एकत्र बांधलेली गाठोडी. ती सोडून दाखवा म्हटल्याशिवाय कोणी सोडत नाही.

५. फसलेला व्यवहार : रक्कम गेली की नाही हे न पाहता पुन्हा बटण दाबले, तर दोनदा पैसे कापले जातात. एक रक्कम परत येते, पण त्या दिवसाच्या दराने, आणि तोवर ते पैसे अडकून राहतात.

पडता दर काढण्याची रीत

बाजारात भाजी घेताना आपण विचारतो, ‘किलो कितीला पडली?’ तसाच प्रश्न येथे विचारावा. सर्व आकार धरून आपल्या खिशातून एकूण किती रुपये गेले, त्यास भरलेल्या परदेशी रकमेने भागावे. जो आकडा येईल तो आपला पडता दर. कोणी ‘आम्ही कमिशन घेत नाही’ म्हणो किंवा ‘दर अगदी कमी’ म्हणो, पडता दर काढला की खरे काय ते कळते.

उदाहरण घेऊ. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाचे शुल्क एप्रिल २०२५ मध्ये ५२४ पौंड झाले. विद्यार्थ्यांसाठी आरोग्य अधिभार फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला ७७६ पौंड आहे. एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी व्हिसा अभ्यासक्रमापेक्षा काही महिने अधिक मिळतो, म्हणून दीड वर्षाचा अधिभार, म्हणजे १,१६४ पौंड भरावा लागतो. दोन्ही मिळून १,६८८ पौंड. रक्कम पौंडातच मागितली आहे आणि मधला दर १२० रुपये आहे असे समजू. मधल्या दराने ही रक्कम २,०२,५६० रुपये होते. पुढील दर व आकार केवळ हिशेब समजण्यासाठी धरले आहेत.

(अ) साडेतीन टक्के आकाराचे कार्ड : आकार ७,०९० रुपये, त्यावर जी.एस.टी. १,२७६ रुपये. एकूण २,१०,९२६ रुपये. पडता दर १२४.९६.

(आ) दोन टक्के आकाराचे कार्ड : आकार व जी.एस.टी. मिळून ४,७८० रुपये. एकूण २,०७,३४० रुपये. पडता दर १२२.८३.

(इ) पौंडाचे प्रवासी कार्ड : बँकेचा विक्री दर १२१.५० आणि कार्डाचा आकार जी.एस.टी.सह ३५४ रुपये धरला, तर चलन खरेदीवरील जी.एस.टी. सुमारे २७५ रुपये धरून एकूण २,०५,७२१ रुपये. पडता दर १२१.८७.

(ई) ‘रुपयांत भरा’ हा पर्याय, दर पाच टक्क्यांनी महाग : एकूण २,१२,६८८ रुपये. पडता दर १२६. बँकेचा आकार असल्यास तो आणखी वेगळा.

(उ) एजंटाची ठोक रक्कम २,२०,००० रुपये : पडता दर १३०.३३.

पहिल्या दृष्टीस १२२ आणि १३० यांत फारसे अंतर दिसत नाही. परंतु (इ) आणि (उ) यांतील फरक १४,२७९ रुपयांचा आहे. परदेशी पोहोचल्यावर अंथरूण-पांघरूण आणि पहिल्या काही आठवड्यांचा किराणा यांसाठी हीच रक्कम उपयोगी पडते.

(इ) मधील चलन खरेदीवरचा जी.एस.टी. कसा काढला तेही पाहावे. एक लाखापर्यंतच्या रकमेच्या एक टक्का, किमान २५० रुपये, हे करपात्र मूल्य धरतात. एक लाखाच्या वर दहा लाखांपर्यंत १,००० रुपये अधिक उरलेल्या रकमेच्या अर्धा टक्का. या मूल्यावर १८ टक्के कर. म्हणजे हा कर संपूर्ण रकमेवर नसतो. ‘जी.एस.टी. १८ टक्के लागतो हो’ असे सांगून कोणी दोन लाखांवर छत्तीस हजार मागितले, तर ती सरळ फसवणूक होय.

देशोदेशीची रीत

अमेरिका : विद्यार्थी व्हिसाच्या अर्जाचे शुल्क जून २०२३ पासून १८५ डॉलर आहे. अमेरिकी वकिलातीने ठरविलेल्या दराने ते भारतात रुपयांत भरावे लागते. हा दर बाजारापेक्षा वेगळा असू शकतो आणि त्यात घासाघीस नाही. मात्र बँकेतून थेट रुपयांत भरता येत असल्याने कार्डाचा परदेशी आकार येथे लागण्याचे कारण नाही. ही पावती एक वर्ष चालते. दुसरे शुल्क सेव्हिस नावाचे. ते एफ वर्गाच्या विद्यार्थ्यास ३५० डॉलर असून डॉलरमध्येच भरावे लागते. ९० रुपये दराने ते ३१,५०० रुपये होते आणि साडेतीन टक्क्यांच्या कार्डाने त्यावर सुमारे १,३०० रुपये जादा जातात. हे शुल्क विद्यार्थ्याच्या वतीने दुसऱ्यानेही भरलेले चालते. त्यामुळे अमेरिकेत सख्खे नातेवाईक असतील तर ते तेथील कार्डाने भरू शकतात. व्हिसा नाकारला गेला आणि बारा महिन्यांच्या आत त्याच वर्गात पुन्हा अर्ज केला, तर सेव्हिसचे शुल्क पुन्हा भरावे लागत नाही. हे ठाऊक नसल्याने दुसऱ्यांदा भरणारे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत.

ब्रिटन : शुल्क पौंडात ठरलेले असले तरी परदेशातून भरताना पानावर दुसऱ्या चलनातील रक्कम दिसू शकते आणि त्यासाठी तेथील गृह खात्याने ठरविलेला दर लागतो. म्हणून आधी अर्ज भरत शेवटच्या पानापर्यंत जावे, कोणते चलन व किती रक्कम मागितली आहे ते वहीत लिहून घ्यावे आणि मगच प्रवासी कार्डात त्या चलनाची रक्कम भरावी. आधी पौंड घेऊन ठेवले आणि पानावर डॉलर निघाले, तर वर सांगितलेला दुहेरी फटका बसतो.

कॅनडा : अभ्यास परवान्याचे १५० आणि बोटांचे ठसे व छायाचित्राचे ८५ असे २३५ कॅनेडियन डॉलर कार्डाने भरावे लागतात. रुपयाच्या कार्डाचा आकार येथे लागतोच.

ऑस्ट्रेलिया : जुलै २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाचे शुल्क २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर झाले. कार्डाने भरल्यास तेथील शासन वेगळा अधिभारही घेते. तो धरूनच पडता दर काढावा.

जर्मनी : दीर्घ मुदतीच्या राष्ट्रीय व्हिसाचे ७५ युरो शुल्क भारतात रुपयांत घेतले जाते. तेथे कार्डाचा प्रश्न फारसा येत नाही.

व्हिसा केंद्रावर सेवा आकार रुपयांत वेगळा असतो. तेथे संदेश सेवा, घरपोच पारपत्र, खास दालन अशा काही सेवा ऐच्छिक असतात. ‘हे घ्यावेच लागेल का?’ असे विचारण्यास संकोच करू नये.

शुल्के वारंवार बदलतात. म्हणून अर्जाच्या दिवशी त्या त्या देशाच्या शासकीय पानावरील आकडाच खरा मानावा, या लेखातील नव्हे.

भरण्यापूर्वीची तयारी

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डे केवळ देशातील वापरासाठी सुरू करून दिली जातात. परदेशी व्यवहार व ऑनलाइन व्यवहार ही मुभा ग्राहकाने स्वतः बँकेच्या ॲपमधून अथवा शाखेत जाऊन सुरू करावी लागते. हे न केल्याने ऐन वेळी व्यवहार नाकारला जातो, घाबरगुंडी उडते आणि शेजारचा सायबर कॅफेवाला ‘माझ्या कार्डाने भरू का?’ म्हणतो. नुकसानीचा आरंभ बहुतेक वेळा येथेच होतो.

कार्डाची दिवसाची मर्यादाही पाहून ठेवावी. ती एक लाख असेल तर दोन लाखांचा व्यवहार होणार नाही. ज्या मोबाइलवर सांकेतिक क्रमांक येतो तो जवळ असावा. कार्ड वडिलांचे, मोबाइल गावी, गावात रेंज नाही आणि पानाची मुदत काही मिनिटांची, अशी तारांबळ आम्ही अनेकदा पाहिली आहे. वडिलांना त्या दिवशी जवळ बसवावे, म्हणजे त्यांनाही हिशेब कळतो.

व्यवहार अडकला तर लगेच पुन्हा भरू नये. बँकेचा संदेश, खात्याचा उतारा आणि अर्जाच्या पानावरील स्थिती या तीन गोष्टी पाहाव्यात. क्रेडिट कार्डाची रक्कम कधी कधी एक-दोन दिवसांनी पक्की होते आणि दर त्या दिवसाचा लागतो. म्हणून संदेशातील आणि पत्रकातील आकड्यांत थोडा फरक दिसला तर गोंधळू नये.

परदेशी पैसे पाठविल्यास कर कापतात, अशीही भीती घातली जाते. शिथिल प्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठविता येते आणि एप्रिल २०२५ पासून वर्षात दहा लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर बँक हा कर गोळा करीत नाही. केवळ व्हिसाचे शुल्क या मर्यादेच्या फार खाली आहे.

स्वस्त दराच्या लोभाने अनोळखी माणसाकडून रोख डॉलर घेणे अथवा ‘इकडे रुपये द्या, तिकडे पौंड भरतो’ असा व्यवहार करणे मात्र कटाक्षाने टाळावे. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याप्रमाणे चलनाचा व्यवहार बँक किंवा अधिकृत विक्रेत्यामार्फतच करावयाचा असतो. चार रुपये वाचविण्यासाठी आयुष्याची संधी पणाला लावू नये.

दर उतरेल म्हणून थांबावे काय?

हा प्रश्न प्रत्येक वर्गात विचारला जातो. आमचे उत्तर स्पष्ट आहे : थांबू नये. सेव्हिसच्या ३१,५०० रुपयांवर दर एक टक्क्याने उतरला तर ३१५ रुपये वाचतील. त्यासाठी पंधरा दिवस थांबले आणि मुलाखतीची तारीख हुकली, तर वर्ष जाते. शिवाय दर उतरेलच असे कोण सांगणार? कार्ड नीट निवडले तर त्याहून जास्त रक्कम त्याच दिवशी, खात्रीने वाचते. जे आपल्या हातात आहे तेथे मेहनत घ्यावी आणि जे नाही त्याची चिंता सोडावी.

पावती जपून ठेवा

शुल्क भरल्याची पावती, कार्डाच्या पत्रकातील ती ओळ आणि चलन खरेदीचे बिल या तिन्हींच्या दोन-दोन प्रती काढून ठेवाव्यात. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत व्हिसा शुल्काची तरतूद आहे. शिष्यवृत्तीधारकास शुल्क मागताना पुरावा लागतोच. ज्याने एजंटाला रोख दिले त्याच्याजवळ दाखवायला काही उरत नाही. नातेवाइकाने शुल्क भरले असेल तर किती, केव्हा व परतावा आल्यास तो कोणाचा, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. आपल्या माणसावर अविश्वास म्हणून हे करावयाचे नाही. पुढे गैरसमज होऊन नाते तुटू नये म्हणून करावयाचे.

वर उल्लेख केलेल्या विद्यार्थ्याने पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला. या वेळी वडिलांच्या खात्यातून, वडिलांच्या समोर, पौंडाच्या प्रवासी कार्डाने त्याने स्वतः शुल्क भरले आणि पडता दर वहीत लिहून आम्हांस दाखविला. तो आज तिकडे शिकत आहे. ती वही आमच्या वर्गात ठेवलेली आहे आणि नवीन येणाऱ्या मुलांना आम्ही ती आधी वाचावयास देतो.

सभासदांना विनंती अशी की, ज्यांना बँकेच्या कामाचा अनुभव आहे त्यांनी महिन्यातील एक रविवार या मुलांसाठी द्यावा. पैसे देणे सर्वांनाच जमेल असे नाही, पण शेजारी बसून हिशेब तपासणे पुष्कळांना जमेल.

स्वाध्याय

१. एका विद्यार्थ्याने ३५० डॉलर भरले आणि त्याच्या खात्यातून एकूण ३२,९०० रुपये गेले. त्याचा पडता दर किती?

२. आपल्या घरातील प्रत्येक कार्डाचा परदेशी व्यवहाराचा आकार बँकेच्या पत्रकातून शोधून लिहा. १८ टक्के जी.एस.टी. धरून तो एकूण किती टक्के होतो?

३. पैसे भरण्याच्या पानावर ‘पौंड’ व ‘रुपये’ असे दोन पर्याय आले, तर कोणता निवडाल आणि का?

४. व्हिसा नाकारल्यास कोणती रक्कम परत मिळते आणि ती कोणाच्या खात्यात येते, हे अर्ज करण्यापूर्वी का विचारावे?

(पहिल्या प्रश्नाचे उत्तर : ९४ रुपये.)